आतोबांची शांता

माणसाच्या शरीरात चालणाऱ्या भांडणतंट्यांची जितकी काळजी आमच्या आतोबांनी वाहिली, तितकी प्रत्यक्ष देवानेही वाहिली नसेल. देवाने माणूस घडवला आणि हात झटकून तो पुढच्या कामाला लागला. आतोबांनी मात्र त्या माणसाच्या आत काय गंजतंय, कोण कोणाच्या अंगावर धावून जातंय आणि मधे पडून सोडवासोडव कोणी करायची, या विवंचनेत उभा जन्म घालवला. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत ते रसायनशास्त्रज्ञ होते, पण तिथे रसायनाला त्यांचा हात म्हणून कधी लागला नाही. ते काँप्युटरवर रेणूंची गणितं करत. अमुक रेणू तमुक रेणूला भेटला तर काय होईल, हे त्या दोघांची भेट न घडवता सांगायचं, हा त्यांचा व्यवसाय. आत्याच्या मते यात आणि ज्योतिषात काडीचा फरक नव्हता. "पत्रिका बघतात, लग्न लावत नाहीत," असं ती आल्यागेल्याला सांगे.

मी नोकरीसाठी नांदेडहून आले आणि अंबरपेठेत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहायला लागले. पुढे लग्न झालं तरी गल्ली काही सोडली नाही, दोन घरं पलीकडे सरकले इतकंच. माझी नोकरी सिकंदराबाद स्टेशनातली, चौकशीच्या खिडकीमागची. दिवसभर मी लोकांना गाडी किती उशिरा येतेय ते सांगायची आणि संध्याकाळी आतोबा मला म्हातारपण किती लवकर येतंय ते सांगायचे. चहाचा पेला हातात आला रे आला की त्यांचं सुरू होई. इलेक्ट्रॉन हा जोडीने राहणारा प्राणी. त्याचा जोडीदार सुटला की तो बिथरतो आणि दिसेल त्याच्या घरात घुसून दुसऱ्याचा जोडीदार पळवतो. मग तो दुसरा बिथरतो, तो तिसऱ्याकडे जातो, आणि ही पळवापळवी पेशीपेशीतून चालू राहते. असे बिथरलेले इलेक्ट्रॉन अंगाखांद्यावर वागवणाऱ्या रेणूंना आतोबांनी 'एकांडे' असं नाव ठेवलं होतं. नुसता श्वास घेतला तरी प्राणवायूतून थोडे एकांडे निपजतातच, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी घाबरून क्षणभर श्वास रोखून धरला होता. "अगं विजू, घे की श्वास," ते म्हणाले. "त्यांची समजूत घालणारेही आत बसलेले आहेत."

हे समजूत घालणारे म्हणजे आतोबांचे जीव की प्राण. हळदीतले, आवळ्यातले, चहातले, तेलबियांतले. एकांडा अंगावर आला की ते त्याच्याशी भांडत नाहीत, आपल्याजवळचा एक हायड्रोजन काढून त्याच्या हातावर ठेवतात. तो शांत होतो. आता हे स्वतः उणे होतात, पण ती उणीव आपल्या अंगभर अशी पसरून घेतात की बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. कोणाला तो हायड्रोजन सोडताना किती जड जातं, हे मोजायचं म्हणजे आतोबांचं गणित. आणि एकदा ही मोजपट्टी हातात आल्यावर तिच्यातून माणसं तरी कशी सुटणार? कोपऱ्यावरचा वाणी "याला सोडायला लई जड जायलंय" या सदरात मोडे. समोरच्या घरातल्या वहिनी न मागता लोणचं देत, त्या हलक्या हाताच्या. मी कशात बसते असं एकदा विचारलं, तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून सांगितलं, "तू देतेस, पण देताना दोन शब्द ऐकवतेस. तुझ्यासारखा एक आहे लसणात."

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. एका थंडीत ते आवळ्याच्या ढिगासमोर उभे राहिले, एक आवळा उचलला आणि त्याच्याकडे इतक्या मायेने बघू लागले की मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी भाजीवाली वैतागून म्हणाली, "क्या साब, आवले से बातां कर रै क्या? लेना है तो लेव, नै तो रख देव." आतोबांनी आवळा जागेवर ठेवला आणि तिला समजावून सांगितलं की हा गृहस्थ शरीरात स्वतः तर देतोच, पण दुसरा कुणी देऊन रिकामा झाला असेल तर त्यालाही भरून देतो. भाजीवालीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौ साब, मेरे मरद कू बी बोलो थोडा." आम्ही त्या दिवशी गरजेपेक्षा बरेच आवळे घेऊन आलो.

जामबागेतल्या एका लग्नात तर त्यांनी कहरच केला. नवरी माझी चुलत बहीण. मंगलाष्टकं चालू असताना आतोबा शेजारच्या पाहुण्याच्या कानात म्हणाले, "नवरदेव आत्तापर्यंत एकांडा होता. आता पाच मिनिटांत निवळेल बघा." पाहुणा नेमका मुलाचा मामा निघाला. आमच्या पोराबद्दल तुम्हाला काय कळलंय ते स्पष्ट बोला, म्हणून तो जेवणाच्या पंगतीपर्यंत आतोबांचा पिच्छा सोडीना. आतोबांनी त्याला पानावरच्या मिठाने रेणूची आकृती काढून दाखवली. आत्याने मात्र परतीच्या रिक्षात जाहीर करून टाकलं की यापुढे अक्षता पडेपर्यंत यांच्या तोंडात विडा कोंबून ठेवायचा.

एवढा मोठा जाणकार, तेव्हा नात्यागोत्यातली माणसं सल्ल्याला येणारच. अमुक फळ खावं का, तमुक हिरवा चहा प्यावा का, जाहिरातीतली ती गोळी खरंच तरुण ठेवते का. आतोबा तासभर समजावून सांगत आणि शेवटी म्हणत, "पण पोटात गेल्यावर त्यातलं किती पुढे पोचतं आणि तिथे जाऊन काय करतं, ते काही मला छातीठोक सांगता येणार नाही." पाहुणे हिरमुसून जात. ते गेले की आतोबा गल्लीच्या तोंडाशी जाऊन गरम मिरची भजी घेऊन येत आणि तळणीचं तेल किती वेळा तापलंय याचा अंदाज सांगत सांगत निवांत खात बसत.

आता त्यांच्या कोटाविषयी. काँप्युटरवर बसणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेचा पांढरा कोट कशाला लागतो? पण आतोबा रोज कोट घालून कामाला बसत, आणि आत्या दर रविवारी तो धूत असे. "शाईचा ठिपका नाही, कसला डाग नाही, आणि धुवायचा म्हणे," अशी तिची कुरकुर चाले. एकदा रागाच्या भरात तिने त्या कोटाला हळदीचा हात पुसला आणि म्हणाली, "घ्या, आता तरी धुतल्यासारखं वाटंल." आतोबा हसले नाहीत. त्यांनी तो डाग बराच वेळ पाहिला आणि तसाच कोट घालून सोमवारी कामावर गेले.

त्यामागे एक दुखणं होतं, ते मला पुढे कळलं. तरुणपणी त्यांना काँप्युटरवर बसायचं नव्हतंच. त्यांना रेणू घडवायचे होते, चंबूत, ज्योतीवर, आपल्या हातांनी. पण आतोबांच्या हातात आलेल्या काचेची आणि जमिनीची भेट ठरलेली. आजही घरात त्यांना स्टीलच्या पेल्यातूनच चहा मिळतो. कितीतरी चंबू फुटले, एकदा टेबलाने पेट घेतला, तेव्हा त्यांच्या गुरूंनी त्यांना प्रेमाने खांद्याला धरून दुसऱ्या खोलीत नेलं आणि तिथल्या काँप्युटरसमोर बसवलं. "डोकं चांगलं आहे तुझं, हातांचं बघू नंतर," असं ते म्हणाले होते. हातांचं बघायची वेळ पुन्हा आलीच नाही. आतोबा त्या कामात नावाजले, देशोदेशीचे लोक त्यांना गणितं विचारू लागले. पण संस्थेत येताजाता ते मुद्दाम लांबच्या जिन्याने जात. त्या जिन्यावर रेणू बनवणाऱ्यांच्या खोल्या होत्या, आणि तिथला वास त्यांना छातीभर घ्यायचा असे.

घरी त्यांनी झोपायच्या खोलीत एक काँप्युटर मांडला होता. एकेक गणित आठवडा आठवडा चाले. "शिजायलंय," असं आतोबा म्हणत. शिजत असताना घरात मिक्सर लावायला बंदी, कारण तारा जुन्या होत्या आणि वीज गेली की सगळं पुन्हा चुलीवर चढवावं लागे. आत्याने पहिली काही वर्षं कपाळ बडवून घेतलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की या यंत्राच्या मागून चोवीस तास गरम वारा येतो. झालं, थंडीत तिचं विरजण त्या यंत्रामागे लागू लागलं. पावसाळ्यात सादळलेले पापडही तिथेच कडक होत. पुढे पुढे तीच विचारी, "तुमचं अजून किती दिवस चालंल? शुक्रवारी माणसं यायलेत जेवायला, दही लावायचंय." आणि आतोबा बिचारे शुक्रवारपर्यंत पुरेल असं एखादं अवघड गणित शोधून लावून देत.

अशाच गणितांतून शांता जन्माला आली. हळदीतल्या रेणूचा तोंडवळा, तेलबियांतल्या एकाची लांब शेपटी, आणि मधे आतोबांनी स्वतः कल्पिलेला एक जोड. जगात कुठेही नसलेला रेणू. हायड्रोजन सोडताना तिला जवळजवळ त्रासच होत नसे, आणि सोडल्यावर ती इतकी निवांत राही की आतोबांचा आधी विश्वासच बसेना. त्यांनी तिला पाण्यात घालून पाहिलं, चरबीत घालून पाहिलं, पेशीच्या पातळ पडद्यात बसवून पाहिलं. अर्थात सगळं गणितातच. प्रत्येक ठिकाणी ती तशीच शहाणी. त्यांनी तिला कसलासा लांबलचक आकड्यांचा क्रमांक दिला होता, पण आत्याने पडद्यावरचं ते चित्र पाहून विचारलं, "ही काय करते?" आतोबा म्हणाले, "शांत करते." "मग शांता म्हणा की," आत्या म्हणाली, आणि तेच रूढ झालं. आत्या-आतोबांना मूलबाळ नव्हतं. त्यावर ती दोघं कधी बोलत नसत, आणि आम्हीही कुणी बोलत नसू. पण घरात शांतेचं नाव ज्या सुरात घेतलं जाई, तो सूर ऐकून कधी कधी मीच उठून आत जायची.

आणि मग, घरात मुलगी मोठी झाल्यावर बापाला जो घोर लागतो, तो आतोबांना लागला. शांता पडद्यावर होती, पण ती कुणीतरी घडवायला हवी होती. स्वतःच्या हातांचा भरवसा नाही. म्हणजे जाणत्या, हातात कसब असलेल्या माणसाकडे जाऊन शब्द टाकायचा. आतोबा खिशात शांतेच्या आकृतीचा कागद घालून फिरू लागले. माणसं घरी बोलावली जात, आत्या कांदेपोहे करी, आणि चहाच्या वेळी कागद पुढे ठेवला जाई. एकाने कागद बघून "वा" म्हटलं, पोहे दोनदा घेतले आणि कळवतो म्हणून गेला तो गेलाच. दुसरा म्हणाला, रूप छान आहे, पण अंगाने फार आडवी, ही शेपटी काढली तर जमवू. आतोबा संतापले. तो गेल्यावर म्हणाले, "मुलीचा पाय कापा, मग करून घेतो, असं कुणी म्हणतं का?" तिसऱ्याने सरळ विचारलं, हिचा उपयोग काय. या प्रश्नावर आतोबांनी मान खाली घातली. उपयोग होईल की नाही ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना तिला एकदा बघायचं होतं. आयुष्यभर हजारो रेणूंना नावानिशी ओळखलं, त्यांतला एकही आपला म्हणून डोळ्यांनी पाहिला नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. निवृत्तीचं वर्ष जवळ आलं तसे ते रात्रीचं कमी जेवू लागले. मी त्यांची मस्करी करणं तेव्हा सोडून दिलं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी घरी भेटायला आली. पद्मजा तिचं नाव, वरंगळकडची. नाचारामच्या पुढे औषधांच्या एका कारखान्यात ती रेणू बनवायचं काम करत होती. आतोबांनी सवयीने कागद पुढे केला आणि दुसरीकडेच बघत बसले. तिने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "सार, मधला जोड कठीण आहे. पण करून बघते. साहेबांना विचारून, सुट्टीच्या दिवशी." आत्याने आत जाऊन खण आणला, नारळ आणला आणि त्या पोरीची ओटी भरली. ती गोंधळून आमच्याकडे बघत राहिली.

काम वर्षभर चाललं. मधला जोड दोनदा निखळला. आतोबा पद्मजाला फोन करून "कशी आहे" असं विचारत, तेव्हा ती आधी स्वतःची ख्यालीखुशाली सांगू लागे आणि मग तिच्या लक्षात येई की चौकशी दुसऱ्याच कुणाची आहे. अखेर एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. "सार, झालं. येऊन बघा."

आतोबांनी दाढी दोनदा केली. धुतलेला कोट घडी करून पिशवीत घेतला. आत्याने पैठणी नेसली, आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "तू गप ऱ्हा." आम्ही तिघं रिक्षाने गेलो. वाटेत खड्डा आला की आतोबा रिक्षावाल्याला जपून चालवायला सांगत, जणू शांता आमच्याच रिक्षात होती.

प्रयोगशाळेत पद्मजाने एक लहानसा चंबू आणून टेबलावर ठेवला. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. रांगोळीपेक्षा बारीक, आणि इतकी पांढरी की खालच्या काचेवर थोडी निळसर छटा पडल्यासारखी वाटत होती. आतोबांनी कोट घातला, वाकले आणि बघत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आत्याने हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी चंबू उचलला. मी आणि आत्या दोघींनीही श्वास रोखला, पण हात जरासुद्धा हलला नाही. आणि त्यांनी बूच काढलं.

"ओद्दु सार, नका काढू," पद्मजा पुढे धावली. "आत हवा नाही, नायट्रोजन भरलाय. हवा लगी तो खराब होती."

"तिला काही होत नाही," आतोबा म्हणाले. "तिचा स्वभाव मला विचार." आणि त्यांनी चंबूशी नाक नेलं.

त्यांचा चेहरा मी त्या दिवशी जसा पाहिला तसा पुन्हा पाहिला नाही. काँप्युटरने त्यांना शांतेबद्दल सगळं सांगितलं होतं, तिच्या अंगाचा कोन न् कोन सांगितला होता, पण तिला वास असेल हे काही सांगितलं नव्हतं. "अगं, हिला वास आहे," ते आत्याला म्हणाले, आणि चंबू तिच्यासमोर धरला. तिनेही नाक पुढे केलं. मी दाराशी पिशवी घेऊन उभी होते. मलाही काहीतरी आलं, पण ते काय हे उमगायच्या आत खोलीतल्या बाकीच्या वासांत मिसळून गेलं. पद्मजा म्हणाली, "सार, तो द्रावकाचा असेल, ज्यात बनवली त्याचा. थोडं आत राहतं." आतोबांनी मान हलवली. मग ते बोलू लागले. शांतेला पहिल्यांदा कुठल्या गणितात पाहिलं, तो जोड कसा सुचला, पाण्यात ती कशी वागते, चरबीत कशी. बूच त्यांच्याच हातात राहिलं होतं. पद्मजा दोनदा हात पुढे करून थांबली, कारण गुरूंचं बोलणं तोडायची तिची छाती होईना. आधी आत्याच्या लक्षात आलं. "अहो, ती लाल व्हायली," आत्या म्हणाली.

भुकटीच्या कडेला गुलाबी रंग चढला होता. पद्मजाने झडप घालून बूच लावलं, नळी जोडली, पण तिने मागवलेला चहा येऊन संपेपर्यंत गुलाबीचा विटकरी झाला आणि विटकरीचा तपकिरी. शांता होतीच तशी. एकांड्याला देण्यासाठी घडवलेली, तिने समोर आलेल्या हवेलाच सगळं देऊन टाकलं. पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझी चूक नाही," आतोबा तिला म्हणाले. "मी हिला पाण्यात पाहिलं, तेलात पाहिलं. नुसत्या हवेत कधी ठेवूनच पाहिलं नाही. शरीरात कुठे अशी मोकळी हवा असते?" घरी येऊन त्यांनी ते राहिलेलं गणितही केलं. इतक्या वर्षांत जे सुचलं नाही ते एका दुपारात झालं. हिला हवा सोसणार नाही, असं उत्तर आलं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि आत्याला सांगितलं की आता दही दुसरीकडे लाव.

पुन्हा शांता घडवणं जमलं नाही. पद्मजाची बदली विशाखापट्टणला झाली, तिथलं काम वेगळं होतं. आतोबांनीही तिला पुन्हा विचारलं नाही. पण त्या वासाने ते झपाटले. द्रावकाचा वास त्यांना जिन्यावरून येताजाता चांगला ओळखीचा होता, आणि हा तो नव्हता, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मग हा कशासारखा होता? ओल्या पाटीसारखा? नाही. कोऱ्या मलमलीसारखा? थोडासा, पण नाही. ते स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून हुंगू लागले. बाजारात कोथिंबिरीची जुडी, कच्ची कैरी, पेरूची साल, काही नाकाला लावायचं सोडलं नाही. "कौन सा बास ढूंढ रै साब?" असं भाजीवाली विचारी, आणि आतोबा खरंच तिला समजावून सांगायचा प्रयत्न करत. त्या दिवसांत ते मला पूर्वीसारखेच वाटायचे, लहरी आणि हौशी. कधी तरी एखादी गोष्ट हुंगून ते थबकत, डोळे मिटून घेत, आणि मग मान हलवून पुढे जात. "जवळ आलो होतो," असं म्हणत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला. तो उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. कॉफी नाही, हिंग नाही, जळलेलं दूधसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, रोज ओळखीचे वास नाकाशी धरत जा. तेव्हापासून आत्या रोज सकाळी त्यांच्यासमोर लवंग धरते, लिंबू धरते, कापूर धरते. आतोबा शहाण्या मुलासारखे हुंगतात आणि मान हलवतात. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त एकदा, आत्या आत असताना, ते मला म्हणाले, "विजू, आता तो समोर आला तरी मला कळणार नाही." मी त्यांचा हात धरून बसले. त्या घरात एवढी वर्षं वावरले, एवढी थट्टा केली, आणि त्या वेळी माझ्याजवळ देण्यासारखं काहीच नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मी एका संध्याकाळी गेले, तेव्हा आत्या चिंचेचा कोवळा पाला निवडत बसली होती. इथे त्याला चिगुरु म्हणतात, वरणात घालतात. आतोबा खुर्चीत पेपर वाचत होते. निवडता निवडता आत्या थांबली. तिने थोडा पाला तळहातावर चोळला आणि नाकाशी नेला.

"अहो," ती म्हणाली, "हा शांतेचा वास आहे."

आतोबांनी पेपर खाली ठेवला. "खात्री आहे?"

"मी शेजारीच होते की तेव्हा."

त्यांनी तिच्या तळहातावरचा पाला घेतला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. त्यांना काही आलं नाही, हे आम्हा दोघींना दिसत होतं. मग त्यांनी पाला माझ्यापुढे केला. मी हुंगला. चिंचेच्या पाल्याला चिंचेच्या पाल्याचा वास येत होता. त्या दिवशी दारात उभी असताना मला काय आलं होतं, ते मला खरंच आठवत नव्हतं, आणि आत्या माझ्याकडे बघत होती.

"हाच," मी म्हणाले.

आतोबा आत्याकडे वळले. "सांग की, कसा आहे?"

जन्मभर त्यांच्या गणितांची टवाळी करणारी माझी आत्या सावरून बसली. "आंबट आहे," ती म्हणाली, "पण चिंचेइतका न्हाई. वरून हिरवा, मागून जरा गोड. अगदी जवळ नेला की कमी होतो. लांब धरला की येतो."

आतोबा मान हळूहळू हलवत होते. "हो," ते म्हणाले, "लांबूनच यायचा तो." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पुन्हा एकदा सांग."

आत्याने मांडीवरचा पाला बाजूला सारला, पदराला हात पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागली.